सकाळी १३९, रात्री १२१: खरा रक्तदाब कोणता?

वाचकांचं पत्र

सप्रेम नमस्कार. माझं वय ४३. काही वर्षांपासून आम्ही टोकियोत निशिकसाईला राहतो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा रक्तदाब १४४/९० निघाला. कंबर ८६ सें.मी. भरली, तिच्यापुढे मात्र ‘ठीक’ असा शेरा आहे. डॉक्टरांनी एक छोटी वही दिली आणि रोज सकाळी व रात्री घरी मोजून लिहायला सांगितलं. सकाळी साधारण १३९/८७ येतो, रात्री १२१/७६. यंत्र मनगटावर बांधायचं आहे. आकडा जास्त आला की मी धास्तावते, पुन्हा पुन्हा मोजते आणि त्यातला सगळ्यात कमी लिहिते. यातलं खरं काय धरायचं? डॉक्टर म्हणाले, मोबाइलवरचं एक ॲपही औषधासारखं लिहून देता येतं. ते घ्यावं का? गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, ही भीती आहेच. शिवाय हे सगळे निकष जपानी लोकांवरून ठरलेले, ते आपल्याला कसे लागू पडणार? मिरजेला आईही हल्ली मोजते. तिचं नेमकं उलटं, संध्याकाळी जास्त येतो.
— एक वाचक, निशिकसाई

उत्तर

नमस्कार. दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण तुमच्या बाबतीत निर्णय सकाळच्या आकड्यांवर व्हायला हवा. त्याआधी यंत्र बदला आणि कमी तेवढं लिहिण्याची सवय आजच थांबवा. या दोन गोष्टी झाल्याशिवाय वहीतल्या कुठल्याच आकड्यावर डॉक्टरांना भरवसा ठेवता येणार नाही.

ही वही का देतात, ते आधी सांगते. जपानच्या उत्तरेला इवाते प्रांतात ओहासामा नावाचं छोटं गाव आहे, आता ते हानामाकी शहरात मोडतं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तोहोकू विद्यापीठाचे डॉ. युताका इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावात घरोघरी रक्तदाबाची यंत्रं दिली आणि लोकांना रोज सकाळी मोजून लिहायला शिकवलं. पुढे कोणाला पक्षाघात झाला, कोण कशाने दगावलं, याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. १९९८ साली त्यांनी दाखवून दिलं की, पुढचा धोका तपासणी केंद्रात घेतलेल्या आकड्यापेक्षा घरच्या आकड्यांवरून जास्त नेमका कळतो. २००५च्या अहवालात १३३२ गावकऱ्यांचा दहा वर्षांचा हिशेब आहे. तपासणीत ज्यांचा रक्तदाब ठीक यायचा पण दिवसभर अंगावर बांधून ठेवलेल्या यंत्रावर जास्त असायचा, त्यांना पक्षाघाताचा किंवा हृदयविकाराने मृत्यूचा धोका निरोगी माणसांच्या दुपटीहून थोडा अधिक निघाला. दोन्हीकडे जास्त असणाऱ्यांचा धोकाही जवळपास तेवढाच होता. घरी १३५/८५ ही आज जगात बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी मर्यादा ठरवण्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

तुमचा तपासणीतला आकडा १४०/९०च्या वर आहे आणि घरचा सकाळचा १३५/८५च्या वर. म्हणजे ‘डॉक्टरांसमोर घाबरल्यामुळे वाढला’ असं म्हणायला जागा नाही. मात्र तो फार वाढलेलाही नाही, पहिल्या पायरीवरचा आहे. नीट मोजायला आणि खाण्यापिण्यात बदल करून बघायला तुमच्या हातात वेळ आहे.

आता यंत्र. मनगटावरची यंत्रं जपानमध्ये घरोघर दिसतात, तरी जपानी मार्गदर्शक सूचना दंडावर पट्टा बांधायचं यंत्रच घ्या असं सांगतात. मनगट हृदयाच्या पातळीच्या खाली गेलं की आकडा वाढतो, वर गेलं की घटतो. शिवाय मनगटात धमनीशेजारी हाडं आणि स्नायुबंध असल्यामुळे पट्ट्याचा दाब सगळीकडून सारखा बसत नाही. नवं यंत्र घेताना दंडाचा घेर टेपने मोजून जा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजायचं. पट्ट्यावर किती ते किती सेंटिमीटर हे छापलेलं असतं, तुमचा घेर त्यात आरामात बसला पाहिजे. पट्टा लहान पडला तर आकडा खोटा वाढून येतो. भरलेल्या दंडाच्या बायकांच्या बाबतीत ही चूक सर्रास होते.

सकाळी उठल्यापासून तासाभराच्या आत मोजायचं, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी आणि गोळी चालू असेल तर गोळीच्या आधी. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसा, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नको. जमिनीवर मांडी घालून मोजू नका. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या एक-दोन बोटं वर यावी आणि पट्टा साधारण छातीच्या मध्याच्या पातळीवर असावा. हात टेबलावर सैल सोडा. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. जाड स्वेटरची बाही वर सरकवून दंडाला आवळू देऊ नका, हात बाहीतून बाहेरच काढा. एक-दोन मिनिटं गप्प बसा आणि मग बटण दाबा. यंत्र चालू असताना बोलायचं नाही. मुलांना डब्याची आठवण करून देणं हेही बोलणंच, तेवढ्यानेही आकडा चढतो. मिनिटभर थांबून दुसऱ्यांदा मोजा. रात्री झोपण्यापूर्वी हेच सगळं पुन्हा.

दोन्ही वेळचे दोन्ही आकडे लिहायचे. चुकून तिसऱ्यांदा मोजलंत तर तिसराही लिहा. १३५/८५ ही मर्यादा अनेक दिवसांच्या सरासरीवरून आलेली आहे. तुम्ही निवडून सगळ्यात कमी आकडे लिहिलेत तर त्यांची तुलना या मर्यादेशी करताच येत नाही, आणि औषधाची गरज असूनही ते लांबणीवर पडू शकतं. ओहासामाच्याच २००४च्या अभ्यासात दिसलं की, सरासरीत जितके जास्त दिवस धरले तितका पक्षाघाताचा अंदाज नेमका होत गेला. एखाद्या दिवशी १५२ आला म्हणून घाबरू नका, आणि एखाद्या दिवशी ११८ आला म्हणून निश्चिंतही होऊ नका. सात दिवसांच्या नोंदींची सरासरी काढा. निदान पाच दिवसांच्या तरी हव्यातच. सकाळची वेगळी काढा, रात्रीची वेगळी. दोन्ही एकत्र केल्या तर तुमचे १३९ आणि १२१ मिळून १३० होतील आणि सकाळचा त्रास वहीतून नाहीसाच होईल.

सकाळ आणि रात्र यांत इतका फरक का पडतो? रात्रीचा आकडा कमी येण्यामागे बहुधा तुमची आंघोळ आहे. जपानी पद्धतीने रात्री गरम पाण्याच्या टबात बसलात की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि त्यानंतर बराच वेळ रक्तदाब उतरलेला राहतो. जेवणाबरोबर मद्य घेतलं तरी रात्री तसंच होतं, आणि सकाळी मात्र तो वर जातो. आंघोळ बंद करायची अजिबात गरज नाही. पाणी ४१ अंशांपर्यंत, बसणं दहा मिनिटांच्या आत, ही तिथल्या सरकारी यंत्रणेचीच सूचना आहे, ती पाळा. वहीत आंघोळीची वेळ तेवढी लिहीत जा.

सकाळच्या आकड्यात तुमच्या घराचाही हात असू शकतो, आणि हे संशोधन मला फार मोलाचं वाटतं. जपानमधली बरीचशी जुनी घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, थंडी अडवायला कमजोर. देशभरातल्या हजारो माणसांचा घरचा रक्तदाब आणि खोलीचं तापमान एकत्र मोजून २०१९ साली निष्कर्ष छापले गेले. खोली १० अंशांनी थंड झाली की सकाळचा वरचा आकडा सरासरी ८.२ने चढतो, संध्याकाळचा ६.५ने. वयस्कर माणसांत आणि बायकांत हा चढ जास्त दिसला. रात्री हीटर बंद करून झोपलात आणि पहाटे खोली १२ अंशांवर आली, तर तुमच्या १३९ मधले चार-पाच आकडे नुसत्या थंडीचे असू शकतात. जिथे मोजता तिथे एक साधा थर्मामीटर ठेवा आणि रक्तदाबाशेजारी तापमान लिहा. हीटरला टायमर लावून उठण्याच्या अर्धा तास आधी तो सुरू होऊ द्या, खोली १८ अंशांच्या खाली जाता कामा नये. दोन आठवड्यांत फरक वहीतच दिसेल. पण ‘थंडीमुळे वाढतो’ म्हणून त्याकडे दुर्लक्षही करू नका. थंडी दर वर्षी येते आणि रक्तवाहिन्यांवर तो ताण खरोखरच पडतो.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारणारच: सर्दी-पडशाला औषधाच्या दुकानातून काक्कोन्तो घेता का? पायात गोळे येतात म्हणून कांपोची, म्हणजे जपानी पारंपरिक वनौषधींची, पुडी? काक्कोन्तोत माओ म्हणजे एफेड्रा ही वनस्पती आणि ज्येष्ठमध दोन्ही असतात. पायातल्या गोळ्यांवरच्या शाकुयाकु-कान्झो-तोमध्ये ज्येष्ठमधाचं प्रमाण बरंच जास्त असतं. ज्येष्ठमध दिवसेंदिवस पोटात गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. जपानी डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, पण तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? घरून आलेला ज्येष्ठमधाचा काढा, खोकल्याच्या वड्या आणि अंगदुखीच्या गोळ्या हेही सांगा. घोरणं आणि दिवसा येणारी पेंग यांचाही उल्लेख करा. झोपेत श्वास अडखळत असेल तर रक्तदाब सकाळीच जास्त दिसतो. गोळीला सुरुवात करण्यापूर्वी रक्तातलं पोटॅशियम आणि रक्तदाबावर परिणाम करणारी रेनिन व अल्डोस्टेरॉन ही द्रव्यं एकदा तपासायची का, हेही विचारून ठेवा. काही औषधांनी या चाचण्यांचे आकडे बदलतात, म्हणून आधी विचारलेलं बरं.

मीठ. १९५१ ते १९८० या काळात जपानमध्ये मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं, आणि उत्तरेकडे आकितासारख्या भागांत माणशी दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जात होतं. आज देशाची सरासरी दहा ग्रॅमच्या घरात आहे. रक्तदाब असलेल्यांना सहा ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. तुमच्यासारख्या घरात अडचण अशी की, दोन देशांचं मीठ एकाच ताटात येतं. मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सूपच्या एका वाटीत सव्वा ते दीड ग्रॅम, पारंपरिक उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) एक खाल्लं तर दोन ग्रॅमच्या आसपास, कप नूडल्स रस्स्यासकट जवळपास पाच ग्रॅम. त्यावर आपलं लोणचं, पापड, ठेचा आणि आमटी. नूडल्सचा रस्सा टाकून दिलात तर निम्म्याच्या आसपास मीठ तिथेच वाचतं. जपानी वेष्टनावर मीठ थेट ग्रॅममध्ये छापलेलं असतं, ते वाचणं सोपं. भारतातून आणलेल्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला २.५४ने गुणून हजाराने भागा म्हणजे मिठाचे ग्रॅम मिळतील. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ.

घरातलं मीठ मोजायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे मिठाच्या पाकिटावर फोडल्याची तारीख लिहिणं. दोन मोठ्या माणसांच्या घरात एक किलोचं पाकीट दोन महिन्यांत संपलं तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर गेलं, तेही नुसतं स्वयंपाकातलं. सोया सॉस, मिसो आणि बाहेरचं खाणं वेगळंच. तेच पाकीट चार-साडेचार महिने पुरायला हवं. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

जपानी निकष आपल्याला लागू पडतात का, याचं उत्तर कंबरेच्या शेऱ्यात आहे. २००८ पासून जपानमध्ये चाळिशीपुढच्यांची जी विशेष तपासणी होते, तिच्यात कंबरेची मर्यादा पुरुषांना ८५ आणि बायकांना ९० सें.मी. आहे. जपानी माणसांच्या पोटाचे स्कॅन काढून, आतली चरबी मोजून ती ठरवली. भारतीयांसाठी वापरली जाणारी मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० आहे. तुमची ८६ तिथे ‘ठीक’, आपल्या हिशेबाने सहा सेंटिमीटरने जास्त. या एका शेऱ्यावर विसंबून राहू नका. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉलचे आकडे अहवालातून काढून डॉक्टरांसमोर ठेवा. तसंच, फुकुओकाजवळच्या हिसायामा गावाच्या अभ्यासावरून बनवलेली धोक्याची कोष्टकं जपानी डॉक्टर वापरतात. ती जपानी माणसांवर बेतलेली आहेत. तिथे हृदयविकाराचं प्रमाण कमी आहे, आपल्याकडे तो लवकरच्या वयात गाठतो. वडील, काका, मामा यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल तर ते आवर्जून सांगा. रक्तदाब मोजायची रीत मात्र जशीच्या तशी घ्या, धमनी मिरजेची असो वा टोकियोची.

ॲपबद्दल. जपानमध्ये ३९० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली छापले गेले. सगळे २० ते ६४ वयाचे आणि गोळी न घेणारे. निम्म्यांना नुसता सल्ला, निम्म्यांना सल्ल्यासोबत ॲप. बारा आठवड्यांनी ॲपवाल्यांचा चोवीस तासांचा वरचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा २.४ने आणि घरचा सकाळचा ४.३ने जास्त उतरला. फरक खरा आहे पण छोटा आहे, आणि तो रोज नोंदी करणाऱ्यांनाच मिळणार. दुसरीकडे, विशेष तपासणीनंतर जे सरकारी समुपदेशन होतं, त्यावर सुमारे पाऊण लाख पुरुषांचा अभ्यास २०२० साली आला. वजनात किरकोळ घट दिसली, रक्तदाबात म्हणण्यासारखा फरक नाही. नुसता सल्ला ऐकून आकडे हलत नाहीत. विमा बहुतेक खर्च उचलत असेल आणि जपानी वाचायला अडचण नसेल तर ॲप जरूर घ्या. नसेल तर वही, थर्मामीटर आणि मिठाच्या पाकिटावरची तारीख यांवरही बरंच काम होतं.

महिनाभर हे सगळं केल्यावरही सकाळची सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर गोळीला नाही म्हणू नका. तिथे बहुतेकांना घरचा रक्तदाब १२५/७५च्या खाली आणायला सांगतात. ‘जन्मभर’ या भीतीबद्दल एवढंच सांगते की, वजन आणि मीठ उतरलं, किंवा उन्हाळ्यात आकडे बरेच खाली आले, तर डॉक्टर मात्रा कमी करतात. पण ते घरची वही बघूनच, तुमच्या मनाने नाही. अजून मूल होण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात.

आईंचं उलटं येतंय म्हणजे यंत्र बिघडलंय असं नाही. भारतात १८,९१८ लोकांचा रक्तदाब घरी आठवडाभर मोजला गेला, तेव्हा आपल्याकडे तो सकाळपेक्षा संध्याकाळी जास्त आढळला. तेव्हा त्यांनी दोन्ही वेळा मोजायचं, संध्याकाळची नोंद टाळायची नाही, आणि दोन्ही सरासऱ्या मिरजेतल्या डॉक्टरांना दाखवायच्या. गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळी घेतात तेही वहीत लिहायला सांगा.

वरचा आकडा १८०च्या किंवा खालचा १२०च्या पुढे गेला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला पण दुसरा काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात किंवा चेहरा लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक दिसेनासं होणं किंवा असह्य डोकेदुखी असेल, तर पुन्हा मोजत बसू नका. तुम्ही ११९ लावा, मिरजेत १०८.